परतीची वाट

(पहाट. वाशीच्या एपीएमसीमधलं भाजी मार्केट.)

किरकोळ भाजीवाले गाळ्यांकडे निघालेत. आत जाताना माणूस एकटा, हातात यादी. बाहेर येताना त्याच्यामागे गोण्यांची हातगाडी आणि पाटी घेतलेला हमाल. वाट तुंबते ती निघताना.

(ठाणे-बेलापूर रस्ता. महापे.)

इथल्या डेटा सेंटरमध्ये राबणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतही हीच गर्दी असते. २०२० साली आलेल्या एनव्हिडियाच्या ए१०० चिपवर हिशेब करणारे १०८ विभाग आहेत आणि त्यांना मेमरीतली माहिती काढून देणारे मेमरी कंट्रोलर फक्त १०. मागणारे शंभरावर, देणारे मोजके.

मागणी म्हणजे नुसता पत्ता, काही बाइटचा. उत्तरात येते १२८ बाइटची अख्खी ओळ. वाट १६ बाइट रुंद धरली, तर मागणी एका खेपेत जाते आणि उत्तराला नऊ खेपा लागतात: आठ माहितीच्या, एक शीर्षाची, म्हणजे उत्तर कुणाचं ते सांगणाऱ्या चिठ्ठीची. तरीही जाण्याची आणि येण्याची वाट सारखीच रुंद ठेवली, तर एकीकडच्या तारा रिकाम्या पडून राहतात आणि दुसरीकडे रांग लागते. चिपवरची जागा इतकी महाग असताना हे मला खरंच खटकतं.

मग दोन्हींसाठी एकच वाट का नको? मेमरीचं उत्तर बाहेर पडल्याशिवाय ती नवी मागणी घेत नाही. वाटेत मागण्याच अडून बसल्या, तर उत्तर निघणार कुठून? दोघंही एकमेकांसाठी थांबतात आणि सगळं जागच्या जागी गोठतं. म्हणून दोघांच्या मार्गिका वेगळ्या ठेवाव्या लागतात.

(वरून दिसणारी नवी मुंबई.)

सिडकोने आखलेल्या वाशी, नेरूळ, ऐरोलीला आपण नोड म्हणतो. चिपवरच्या या वाटांच्या जाळ्यातल्या थांब्यालाही हाच शब्द आहे. तिथे प्रत्येक थांब्यावर राउटर असतो, चौकातल्या हवालदारासारखा.

२०१० साली अली बाखोडा, जॉन किम आणि टोर आमोड्ट या संशोधकांनी अशा जाळ्याची एक रचना मांडली. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक राउटर त्यांनी साधे केले: त्यांतून सरळ जाता येतं, वळता येत नाही. वळणाची सोय काढली की राउटर लहान होतो. आणि मेमरीजवळच्या राउटरना, उत्तरं जाळ्यात सोडण्यासाठी, जादा दारं दिली.

(पुन्हा मार्केट. उजाडलंय.)

हातगाड्या अजून निघताहेत. यादी घेऊन आलेला माणूस कडेने सहज आत शिरतो.