जुन्या मिलचे भागधारक

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'संस्थात्मक गुंतवणूकदार आणि कंपन्यांचा कारभार', म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या असे मोठे भागधारक कंपनीच्या कारभारात काय करतात. त्याकडे येतोच. पण सोलापुरात उभं राहून हा विषय काढायचा आणि जुन्या मिलचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल. मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आपल्या पोरांना पाठ असतात, असायलाच हवेत. पण याच मिलचे खटले देशभर कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. मला याची फार रुखरुख आहे.

झालं असं. ऑगस्ट १९४९मध्ये मिल बंद पडली, कामगार घरी बसले. जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढला, एप्रिलमध्ये त्याचा कायदा केला. कारभार बिघडलाय म्हणून जुने संचालक आणि मॅनेजिंग एजंट (कंपनीचा कारभार चालवणारी पेढी) बाहेर, सरकारनं नेमलेले संचालक आत. शेअर ज्याचा त्याच्याकडेच राहिला. पण संचालक निवडायचा हक्क गेला, आणि सभेनं ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीवाचून तो नुसता कागद. चरणजितलाल चौधरी नावाचे भागधारक सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९५०मध्ये तीन विरुद्ध दोन अशा निकालानं हरले. मग नव्या संचालकांनी ज्यांचे पैसे अर्धेच भरले होते अशा प्रेफरन्स शेअरवर (लाभांश आधी मिळणाऱ्या शेअरवर) आणखी ५०-५० रुपये मागितले. या वेळी द्वारकादास श्रीनिवास भांडले, आणि १९५३मध्ये त्याच कोर्टात जिंकले! १९५५ची चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्यामागे हाही निकाल होता. त्या दुरुस्तीनं कलम ३१-कमध्ये भागधारकांच्या मताधिकाराचा उल्लेख आला. आपल्या मिलची सावली राज्यघटनेवर पडली, मंडळी.

सरकार चूक की बरोबर, यात मी शिरत नाही. कामगारांची चूल पेटती ठेवणं गरजेचंच होतं. मला धरून ठेवायचीय ती एकच गोष्ट: शेअर आपला, पण मत दुसऱ्याच्या हातात. तुमच्यातले किती जण एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा दरमहा हप्ता, भरतात? बघा, निम्मे हात वर आहेत. तुमची आज हीच स्थिती आहे. पैसा तुमचा, मत देतो फंड. मागे मी एका फंडाला पत्र लिहून विचारलं, अमुक ठरावावर तुम्ही काय मत दिलंत? उत्तरात नव्या योजनेचं माहितीपत्रक आलं. ते अजून मनातून जात नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भराभर सांगतो.

आपल्यासारख्या उभरत्या बाजारांत बहुतेक कंपन्यांची सूत्रं एका घराण्याकडे असतात, म्हणून भांडण बहुधा प्रवर्तक, म्हणजे ते मालक घराणं, विरुद्ध बाकीचे भागधारक असं असतं. सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठवा. १६ डिसेंबर २००८ला तिनं प्रवर्तक कुटुंबाच्याच मेटास कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत बेत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ला खोट्या हिशेबांचा कबुलीजबाब आला. २०१४मध्ये टाटा मोटर्सच्या वरिष्ठांच्या मानधनाचा ठराव अल्पसंख्य भागधारकांनी पाडला. आता मोठ्या संबंधित-पक्ष व्यवहारांना, म्हणजे कंपनीनं आपल्याच माणसांशी किंवा त्यांच्या कंपन्यांशी केलेल्या व्यवहारांना, प्रवर्तक स्वतःच्या मतानं मंजुरी देऊ शकत नाहीत. तिथे फंड आणि विमा कंपन्यांचं मतच निर्णायक ठरू शकतं.

आणि हे मत गुपित नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिनं २०१०पासून म्युच्युअल फंडांना ते जाहीर करायला लावलंय. फंडाच्या संकेतस्थळावर तक्ता असतो: कंपनी, ठराव, बाजूनं की विरोधात, आणि कारण. ते कारणाचं खानं वाचा. सगळीकडे एकच वाक्य चिकटवलेलं दिसलं, तर त्या फंडाला पत्र टाका. मसुदा मी करून आणलाय, दाराशी टेबलावर प्रती ठेवल्यात.