निळ्या बर्फावरचा काळा दगड

चहूकडे निळा बर्फ, नजर जाईल तिथपर्यंत, आणि मध्येच एक काळा दगड पडलाय. त्याच्या खाली नुसता बर्फ आहे, डोंगर बराच लांब, मग हा आला कुठून? वरून, म्हणजे आकाशातून पडलेली उल्का (अशनी). अंटार्क्टिकाच्या अशा भागात एकटा काळा दगड दिसला की शोधणाऱ्यांच्या मनात पहिला विचार हाच येतो.

इथे असा पहिला दगड मिळाला डिसेंबर १९१२ मध्ये, ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन यांच्या मोहिमेतल्या फ्रँक बिकर्टन यांच्या तुकडीला, ॲडेली लँडच्या बर्फावर, साधारण किलोभर वजनाचा. मग बरीच वर्षं तुरळकच काहीतरी मिळत राहिलं. १९६९ मध्ये जपानी टीमला यामाटो डोंगरांपाशी असे नऊ दगड एकमेकांजवळ सापडले, आणि तपासलं तर ते एका मोठ्या दगडाचे तुकडे नव्हतेच, जात वेगळी निघाली. म्हणजे ते सगळे तिथेच पडलेले नव्हते, बर्फाने आणून गोळा केले होते. बर्फ हळूहळू समुद्राकडे सरकत असतो, वाटेत डोंगर आडवा आला की अडतो आणि वर ढकलला जातो, कोरडा वारा वरचा थर सतत खात राहतो, बर्फ जातो आणि पोटातले दगड उघडे पडतात. आजपर्यंत इथून हजारो दगड मिळालेत आणि त्यातले बहुतेक कॉन्ड्राइट नावाच्या दगडी जातीचेच आहेत.

आता दगड जवळून बघा. बाहेरची काळी साल जेमतेम एक मिलिमीटरची, वातावरणातून येताना वितळून झालेली. ती फुटलीये तिथे आतला रंग राखाडी दिसतो, आणि उजेडात थोडा फिरवला की बारीक बारीक चमक मारते. ते धातूचे कण आहेत, लोखंड आणि निकेलचे. पृथ्वीवरच्या साध्या दगडात असं मोकळं लोखंड जवळपास नसतंच, म्हणून दगड लोहचुंबकाला ओढला गेला आणि आत अशी चमक दिसली तर मला त्यापुढे फार शंका राहत नाही.

आतलं सगळं नीट दिसायला दगडाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर एवढी पातळ करतात, इतकी की उजेड आरपार जातो. मग ती खास मायक्रोस्कोपखाली ठेवून फिरवायची. जे मघाशी राखाडी होतं तिथे निळे, पिवळे, जांभळे रंग पेटतात, आणि त्यात गोल गोल दाणे दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान. हे कॉन्ड्रूल. सूर्यमाला बनत होती तेव्हा, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, धुळीचे गोळे वितळून थेंब झाले आणि काही तासांत थिजले, ते हे थेंब. एखाद्यात समांतर पट्ट्या असतात, एखाद्यात कडेच्या एका बिंदूतून पंख्यासारखे स्फटिक पसरलेले असतात. मी कितीही वेळा पाहिले तरी त्या पंख्यापाशी थांबतेच, कारण थेंब किती वेगात थंड झाला ते त्या आकारातच दिसतं.

रंग पेटतात ते मुख्यतः ऑलिव्हीनचे. बहुतेक कॉन्ड्राइटमध्ये सगळ्यात जास्त हेच खनिज, त्याखालोखाल पायरॉक्सीन, मग थोडं फेल्डस्पार. त्यांच्या मधोमध धातू, ट्रॉयलाइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, रंगाने काशासारखं, आणि काळे क्रोमाइटचे कण. ऑलिव्हीनमध्ये लोखंड आणि मॅग्नेशियम एकाच जागेसाठी भांडतात, त्यात लोखंडाचा वाटा शंभरात साधारण १६ ते २० असेल तर दगड एच गटातला, २२ ते २६ असेल तर एल, त्याहून वर गेला तर एलएल. या तीन गटांचे दगड वेगवेगळ्या लघुग्रहांवरून आलेत असं मानतात. आणि गंमत बघा, ऑलिव्हीनमध्ये लोखंड जितकं जास्त तितका मोकळा धातू कमी, एचमध्ये वजनाच्या १५ ते २० टक्के, एलएलमध्ये कसाबसा ३ टक्क्यांपर्यंत. लोखंडाला ऑक्सिजन मिळाला तर ते दगडात शिरलं, नाही मिळाला तर धातू म्हणून राहिलं.

पण माझ्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. यातलं आकाशातून आलेलं किती, आणि इथे येऊन झालेलं किती?

बर्फात सगळं जसंच्या तसं राहतं असं आपण धरून चालतो, ते पूर्ण खरं नाही. काळा दगड उन्हात तापतो, भोवतीचा थोडा बर्फ वितळतो, तेवढं पाणी फटीत शिरलं की पुरतं. आधी धातू गंजतो, कणाभोवती तपकिरी वर्तुळ येतं. १९८५ ला लुइस क्लिफजवळ ११० किलोचा एक एच गटाचा दगड सापडला, त्याच्यावर पांढरं मीठ फुटलं होतं. ते नेस्क्वेहोनाइट निघालं, मॅग्नेशियमचं पाणी धरलेलं कार्बोनेट. मॅग्नेशियम दगडातलं, पण कार्बन पृथ्वीच्या हवेतला, आणि त्याच्या मोजणीतून दिसलं की हे मीठ जेमतेम काही दशकांपूर्वीचं आहे. साडेचार अब्ज वर्षं टिकलेल्या खनिजाला इथली हवा आणि थोडं पाणी काही दशकांतच पोखरायला लागतं, हे वाचलं तेव्हा मी तो भाग पुन्हा वाचला होता.

म्हणून अमेरिकन मोहिमेच्या दगडांना गंजाप्रमाणे ए, बी, सी असा दर्जा देतात, आणि असं मीठ दिसलं तर शेजारी छोटा ई लावतात. म्हणूनच दगडाला हात लावत नाहीत, चिमट्याने उचलून स्वच्छ पिशवीत घालतात आणि अमेरिकेत ह्यूस्टनला नासाच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गोठलेलाच ठेवतात. तिथे तो काचेच्या कपाटात जातो, आत कोरडा नायट्रोजन वाहत असतो, आणि दगडाला चिकटलेल्या बर्फाचं पाणी आत मुरायच्या आधीच तो नायट्रोजन ते उडवून नेतो.