खाली नाही, वर नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'प्रॉपची कारकीर्द टिकते कशी'. प्रॉप म्हणजे रग्बीत पुढच्या फळीच्या टोकाला उभा राहून रेटणारा गडी. त्याकडे येतोच. आधी एक तक्रार.

२२ नोव्हेंबर २००३, सिडनी. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. नाव काढलं की जो तो इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनचा ड्रॉप गोल सांगतो, म्हणजे चेंडू हातातून टाकून, टप्पा पडताच लाथेने खांबांमधून घालणं. डावखुरा माणूस, उजव्या पायाने मारला, जादा वेळ संपत आलेली, २०-१७. सगळं खरं. पण त्याआधी इंग्लंडच्या हातून तो चषक स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या झुंजीत, निसटायला लागला होता, हे कुणी बोलतच नाही.

पंच होते दक्षिण आफ्रिकेचे आंद्रे वॉटसन. इंग्लंडची पहिली फळी ताकदीने सरस, तरी स्क्रम बिनसला की शिट्टी इंग्लंडविरुद्ध. ऐंशी मिनिटं संपता संपता अशीच एक पेनल्टी गेली, ऑस्ट्रेलियाच्या एल्टन फ्लॅटलीने ती दोन खांबांमधून घातली, १४-१४. मग इंग्लंडचा प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्डने टाइटहेड, म्हणजे उजव्या बाजूचा प्रॉप, फिल व्हिकरीला बाहेर काढून ३५ वर्षांच्या जेसन लेनर्डला आत धाडलं. हा गडी तडक पंचांकडे गेला. पुढे तो स्वतःच हा किस्सा सांगत असे. म्हणाला काय, तर तुम्ही मला ओळखता. मी पुढे जाईन, मागे जाईन, पण वर उठणार नाही नि खाली बसणार नाही.

हसा, हसा. पण प्रॉपचा सगळा धंदा या एवढ्या बोलण्यात आला.

स्क्रममध्ये आठास आठ. पुढच्या फळीत तिघे, मधे हूकर, दोन बाजूंना प्रॉप. डोकी एकाआड एक गुंततात. त्यामुळे १ नंबरच्या, म्हणजे लूजहेडच्या डोक्याची डावी बाजू मोकळी राहते. ३ नंबरचं, टाइटहेडचं डोकं मात्र समोरच्या दोघांच्या मधे अडकतं. त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार, आणि मागून आपलाच गडी खांदा लावून रेटतोय. आठ जणांचं वजन आजकाल नऊशे किलोच्या घरात जातं. कुस्तीत निदान समोर एकच पैलवान असतो हो!

आता पवित्रा बघा. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ फळीसारखी सरळ, कंबर खांद्यांच्या बरोबरीने किंवा किंचित खाली. हनुवटी छातीपासून सुटी, नजर वर. हनुवटी टेकली की पाठीला बाक येतो, आणि जो जोर मणक्यातून सरळ पुढे जायचा तो मानेत मुरतो. पाय फार मागे गेले की माणूस लांब पडतो. समोरच्याने जरा अंग चोरलं की हा तोंडघशी. पाय फार पुढे घेतले तर रेटायला जागाच उरत नाही.

पकडीचंही तसंच. लूजहेडचा डावा हात समोरच्याच्या उजव्या हाताच्या आतून, टाइटहेडचा उजवा हात बाहेरून, आणि मूठ पाठीवर किंवा बरगडीपाशी जर्सीत. बाहीला धरलं की खाली ओढणं सोपं, म्हणून ती पकड चालत नाही. लूजहेडचं कोपर जमिनीकडे झुकलं की त्याचा खांदा उतरतो आणि पाठोपाठ स्क्रम बसतो. टाइटहेड तिरका होऊन हूकरच्या छातीत घुसला तर तीही पेनल्टी. आणि हे सगळं त्या ढिगात पंचाला एका बाजूने दिसणार! पलीकडे काय चाललंय ते तो अंदाजाने ठरवतो. त्या अंदाजात प्रॉपची पत मोजली जाते. लेनर्ड आला आणि जादा वेळेतले स्क्रम उभे राहिले.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. बरं, मूळ विषय भराभर उरकतो.

लेनर्ड लंडनजवळच्या बार्किंगचा, पेशाने सुतार. १९९० मध्ये ब्यूनोस आयर्सला अर्जेंटिनाविरुद्ध पहिली कॅप, म्हणजे देशाकडून पहिला सामना, वय २१. त्या वयात प्रॉप सहसा कच्चाच असतो. मग टिकला कसा? एक, मान. १९९२ च्या सुरुवातीला वेल्सविरुद्ध मानेतली चकती फुटली. कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला, आणि गडी शरद ऋतूत हजर. इंग्लंडचा एकही सामना चुकला नाही. दोन, दोन्ही बाजू. मूळचा लूजहेड, पण १९९३ मध्ये लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाकडून न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या कसोटीपासून टाइटहेडला उभा राहिला. बाजू बदलली की पाय, खांदा, पकड सगळंच उलटं होतं. उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने भात कालवायला सांगा, तसं. पण दोन्ही जमणारा माणूस निवड समितीला टाळता येत नाही. तीन, काळ. १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झालं. तोवर हा सुतारकाम सांभाळून खेळत होता. पुढे रोजचा सराव, आहार, वजनं.

जाता जाता, तो खेळला त्यातल्या कलकत्ता कपची, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या चषकाची, चांदी आपल्याकडची. कलकत्त्याचा क्लब मोडला तेव्हा शिलकीतले २७० रुपये वितळवून तो घडवला. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. असो.

२००४ मध्ये रोमला इटलीविरुद्ध शेवटची कॅप. इंग्लंडकडून ११४ आणि लायन्सच्या पाच कसोट्या. ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे पाच गुण, विचाराल, तर इंग्लंडसाठी एकच, १९९६, ट्विकनहॅमला, पुन्हा अर्जेंटिनाविरुद्धच. सामना २०-१८ ने जिंकला, म्हणजे तेवढा एक नसता तर हरले असते. प्रश्न विचारा आता, चहा तयार आहे म्हणतायत.