बर्लिनमधली ती लुचीया

नमस्कार मंडळी.

मुंबईत चर्नी रोडला उतरून कुणाला पत्ता विचारा, हमखास उत्तर येतं, ‘ऑपेरा हाऊसच्या थोडं पुढे.’ सांगणाऱ्याने ऑपेरा ऐकलेला असतो असं मुळीच नाही. मीही कित्येक वर्षं तो शब्द बसस्टॉपचं नाव म्हणूनच वापरत होते. आज त्या शब्दातल्या गाण्याविषयी, म्हणजे गाऊनच सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीत नाटकाविषयी बोलायचं आहे. सगळ्या ऑपेराविषयी नाही, तेवढा माझा वकूबही नाही. एकाच रात्रीविषयी बोलते. तारीख २९ सप्टेंबर १९५५, गाव पश्चिम बर्लिन.

मिलानच्या ‘ला स्काला’ या नाट्यगृहाची मंडळी त्या दिवसांत बर्लिनच्या दौऱ्यावर होती. शहराचं जुनं ऑपेरागृह युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं. नवं उभं राहायला अजून सहा वर्षं होती, तोवर ऑपेराचे प्रयोग कांटस्ट्रासेवरच्या दुसऱ्या एका थिएटरात चालत. नाटक होतं गाएतानो डोनिझेत्तीचं ‘लुचीया दी लाम्मेरमूर’. दिग्दर्शन आणि वाद्यवृंदाचं संचालन, दोन्ही हर्बर्ट फॉन कारायानचं. नायिका मारिया कॅलस, वय वर्षं एकतीस. वाद्यवृंद मात्र पाहुण्यांचा नव्हता, यजमानांचा होता. रिआस म्हणून बर्लिनच्या अमेरिकी विभागातलं रेडिओ केंद्र होतं, त्याचे वादक पुढे बसले होते.

म्हणजे हे ध्वनिमुद्रण आपल्या बिरादरीतलं आहे, रेडिओचं. ते स्टुडिओत झालेलं नाही. चुकलं तर परत घ्यायची सोय नाही, खोकणारे खोकतात, आणि रंगमंचावर कोणी पाठमोरं झालं की आवाज लांब जातो. अधिकृत तबकडी निघायला पुढे कित्येक वर्षं लागली. तोपर्यंत दर्दी लोक चोरून काढलेल्या तबकड्यांवर ते ऐकत राहिले.

मी पहिल्यांदा ऐकलं ते मामाने आणलेल्या एका खरखरत्या कॅसेटवर. पाचेक मिनिटांनी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अगं, ती बाई गातेय की रडतेय?’ मी हसले. आज वाटतं, या ध्वनिमुद्रणाबद्दल विचारायचा खरा प्रश्न तोच आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या कादंबरीवरून घेतलेली आहे, घडते स्कॉटलंडमध्ये. दोन घराण्यांत हाडवैर. एका घरची लुचीया, दुसऱ्या घरचा एदगार्दो, दोघांचं प्रेम. भावाला, एन्रिकोला, बुडतं घर सावरायचंय, म्हणून बहिणीचं लग्न त्याने एका वजनदार सरदाराशी ठरवलंय. एदगार्दो परदेशी गेलाय. भाऊ खोटं पत्र तयार करून बहिणीला दाखवतो, बघ, तो तुला विसरला. लुचीया मोडते, लग्नाच्या कागदावर सही करते, आणि त्याच घटकेला एदगार्दो दारात उभा! पहिल्या रात्री ती नवऱ्याला भोसकते, तिचं डोकं फिरतं, ती मरते. ते कळल्यावर एदगार्दो स्वतःला संपवतो. बस. आपल्या जुन्या संगीत नाटकांवर पोसलेल्या माणसाला यात अवघड काहीच नाही. ‘मरायला टेकलेली बाई पाव तास गाते कशी?’ हा प्रश्न तर आपण विचारूच नये.

हा ऑपेरा नेपल्समध्ये २६ सप्टेंबर १८३५ रोजी पहिल्यांदा रंगला. त्या काळच्या इटालियन गाण्याला ‘बेल कान्तो’ म्हणतात. शब्दशः अर्थ सुंदर गाणं. लांब श्वास, एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जाणं, दाणेदार ताना. रचनेचा रिवाज असा, की आधी संथ भाग आणि त्यानंतर द्रुत. आपल्याकडे बड्या ख्यालानंतर छोटा ख्याल येतो त्याची आठवण होईल. पण तुलना फार ताणू नका. तिथे राग नाही, आणि सुरांखालची जमीन सारखी हलत असते.

या गाण्याचा धोका आपल्या ओळखीचा आहे. ताना ऐकवण्यासाठीच गाणं, असं होऊन बसतं. मधल्या काळात लुचीयाचं तसंच झालं होतं. पक्ष्यासारख्या हलक्या गळ्याच्या गायिका यायच्या, बासरीशी शर्यत लावायच्या, टाळ्या घ्यायच्या. कॅलसचा गळा तसला नव्हता. खरं सांगायचं तर तो रूढ अर्थाने सुंदरच नव्हता. खालचा आवाज वेगळा, मधला वेगळा, वरचा वेगळा, आणि वर कधी कधी थरथर. तीन कापडं जोडून शिवल्यासारखा. नुसता सूर आणि सफाई हवी असेल तर जोन सदरलंड ऐका. १९५९ साली लंडनला तिने लुचीया गाऊन लोकांना वेड लावलं, तान कशी धुतल्या तांदळासारखी. मी तिचंही ऐकते. पण तिच्या लुचीयाची मला काळजी वाटत नाही.

कॅलसच्या लुचीयाची वाटते, अगदी पहिल्या प्रवेशापासून. हार्प हे उभं मोठं तंतुवाद्य वाजतं आणि ती सखीला कारंज्याकाठी दिसलेल्या भुताची हकिगत सांगते. मघाशी निवळ होतं ते पाणी रक्ताने लाल झालं, म्हणते. ही ओळ किंचाळून म्हणायचा मोह कुणालाही होईल. कॅलस ती जवळ सरकून सांगितल्यासारखी सांगते. ही मुलगी पुढे कुठे जाणार आहे, ते तिथेच कळतं.

सहीचा प्रसंग नीट कान देऊन ऐका. भावाने हात धरून टेबलाशी आणलंय. ती सही करते आणि म्हणते, ‘ला मिया कोंदान्ना ओ स्क्रित्ता.’ म्हणजे, माझी शिक्षा मीच लिहिली. ओळ एवढीच. तान नाही, उंच सूर नाही, टाळी मिळण्यासारखं काही नाही. बऱ्याच गायिका ही ओळ उरकतात, कारण पुढचं मोठं गाणं तोंडावर आलेलं असतं. कॅलसच्या तोंडून ती येते तेव्हा सही झालेली ऐकू येते. मला हा सबंध ऑपेरा एका ओळीत राखायला सांगितलं, तर मी हीच राखेन.

मग एदगार्दो येतो आणि सगळे जागच्या जागी थिजतात. इथे डोनिझेत्तीने जे केलंय ते आपल्या संगीतात होत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. आधी एदगार्दो आणि एन्रिको, दोघं वैरी, एकदम गायला लागतात. मग लुचीया येते, धर्मगुरू राइमोन्दो येतो, उरलेले दोघे, नवरा आणि सखी, येतात. सहा माणसं, सहा दुःखं, प्रत्येकाचे शब्द निराळे, आणि सगळं एका चालीत बसतं. भांडायला जमलेली माणसं भांडत नाहीत, प्रत्येक जण मनाशी बोलतो. चाल तर अशी, की बाहेर पडताना लोक गुणगुणत जातील.

त्या रात्री हे गाणं संपलं आणि टाळ्या थांबेनात. शेवटी कारायानने ते पुन्हा वाजवायला घेतलं. वन्समोर! बर्लिनकरांनी बालगंधर्वांच्या प्रेक्षकांसारखा हट्ट केला. कथेच्या दृष्टीने हे विचित्रच. माणसं थिजली, गायली, आणि पुन्हा एकदा थिजली. ध्वनिमुद्रणात दोन्ही खेपा आहेत. शुद्धतावादी नाक मुरडतात, मला आवडतं.

(ध्वनिफीत : सहा जणांचं गाणं, सुरुवातीचा भाग)

या वन्समोरची एक कथा दर्दी मंडळी सांगतात. पुढचा वेडाचा प्रवेश सगळ्यात कठीण, आणि त्याआधी असा जास्तीचा घाम गाळावा लागला म्हणून कॅलस कारायानवर चिडली. वेडाचा प्रवेश तिने म्हणे त्याच्याकडे पाठ करून गायला, आणि तिचे खांदे उचलले की आता श्वास घेतला, एवढ्यावर त्याने वाद्यवृंद तिच्याबरोबर ठेवला. खरं-खोटं देव जाणे. पण ऐकताना तसंच वाटतं खरं. वाद्यं तिला ओढत नाहीत, तिच्यामागून चालतात.

वेडाच्या प्रवेशासाठी डोनिझेत्तीने आधी एक अजब वाद्य योजलं होतं. काचेच्या वाट्या गोल फिरतात, त्यांना ओली बोटं लावायची. जलतरंगात वाटीवर काडीचा टोला पडतो, इथे बोट नुसतं घासायचं, त्यामुळे सूर कुठून सुरू झाला ते कळतच नाही. पहिल्या प्रयोगाआधीच ते रद्द होऊन बासरी आली. आणि ज्या बासरीबरोबरच्या लांबलचक तानांसाठी हा प्रवेश प्रसिद्ध आहे, त्या डोनिझेत्तीच्या हस्तलिखितात नाहीतच, नंतरच्या गायकीने त्या घातल्या.

लुचीया येते ती रक्ताळलेल्या पांढऱ्या झग्यात. समोर लग्नाची वऱ्हाडी मंडळी. तिला मात्र एदगार्दो दिसतोय. ‘त्याच्या आवाजाचा गोड नाद मला लागला,’ असं ती सुरू करते, आणि कॅलसचा आवाज इथे अगदी लहान होतो. वाद्यवृंदातून मागच्या प्रेमगीताची चाल हळूच डोकावते. मग तिला पुन्हा ते कारंज्याकाठचं भूत दिसतं, आवाजाचा रंग काळवंडतो, आणि दुसऱ्या क्षणी ती परत नवरी. उदबत्त्या जळताहेत, मेणबत्त्या तेवताहेत, आपलं लग्न लागतंय. ‘अखेर मी तुझी, अखेर तू माझा.’ हे ती आनंदाने म्हणते. ते ऐकवत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कॅलस या प्रवेशात रडत नाही. हुंदका नाही, किंकाळी नाही, वेड्यासारखं हसणं नाही. सूर जिथे लिहिला आहे तिथेच लागतो, तान उतरताना एकेक दाणा मोजून घ्यावा. पण प्रत्येक तान कुणाला तरी उद्देशून आहे. बासरी एक फेक टाकते, ती उत्तर देते. इतर गायिकांकडे इथे जुगलबंदी होते. ही मात्र तो आवाज ओळखीचा आहे का, हे थबकून ऐकतेय असं वाटतं. गाता गाता थांबून ऐकणं, हे गळ्याने कसं करतात, मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. वेडाचं हे संगीत लिहिणाऱ्या डोनिझेत्तीचं स्वतःचंही पुढे भान हरपलं. १८४६ साली त्याला पॅरिसजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं, आणि दोन वर्षांनी तो आपल्या बेर्गामो गावी वारला.

लुचीया गेल्यावर ऑपेरा संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. शेवटचा प्रवेश एदगार्दोचा आहे, पूर्वजांच्या थडग्यांपाशी. बर्लिनमध्ये तो गाणारा जुझेप्पे दी स्तेफानो हा सिसिलीचा गडी, ऐन भरात, जपून गाणं ठाऊक नाही. कॅलसने जिथे हुंदका टाळला तिथे हा खुशाल देतो, आणि मी त्याला माफ करते. शेवटचं गाणं तो एकदा पूर्ण गातो. मग स्वतःला भोसकतो. आता तीच चाल पुन्हा यायची आहे, पण त्याला ती पेलवत नाही. म्हणून चाल चेलो, व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ, गातो आणि एदगार्दो मधूनमधून तुटके शब्द टाकतो. गळ्याने सोडलेलं गाणं वाद्याने पुढे नेलं. कागदावर ही युक्ती वाटते. दिवे मालवून ऐकलंत तर नाही वाटणार.

आता थोडं कामाचं. ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं, म्हणजे मोनो आहे, हेडफोनमध्ये फार मोठं अंगण दिसणार नाही. सवय नसेल तर कॅलसचंच १९५३ सालचं फ्लोरेन्सचं, संचालक तुल्लिओ सेराफिनच्या हाताखालचं, आधी ऐका. त्यात आवाज ताजा आहे आणि भावाच्या भूमिकेत तीतो गोब्बी आहे, दुष्टपणात कुणाला न आटोपणारा. पण मग बर्लिनला या.

आपल्याला आता सुरुवातीचा भाग लावायचा आहे. पडदा अजून वर गेलेला नाही. आधी ढोलासारखं वाद्य, अगदी हळू, मग शिंगं. रेडिओचा आवाज थोडा वाढवून ठेवा, नाहीतर पहिले काही क्षण काही लागलंच नाही असं वाटेल.

(ध्वनिफीत : ‘लुचीया दी लाम्मेरमूर’, बर्लिन १९५५, प्रारंभ)