फडातलं चाक

[उसाचा फड, भरलेली ट्रॉली, बसलेलं चाक]

ट्रॉली भरली आणि मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. टायर ९.००-१६, आत ट्यूब. कॉम्प्रेसर गावात. हाताशी बाटली जॅक, टायर उचकटायच्या दोन लोखंडी टॉमी, पाना आणि हवेची एक नळी. याला जुगाड म्हणून मोकळं व्हायची आपली सवय. जरा हातांकडे बघा.

नट सैल केले ते चाक जमिनीवर असतानाच. उचलल्यावर नटाऐवजी चाकच फिरतं. जॅकखाली फळी, कारण ओलं रान जॅक गिळतं. इतर चाकांना दगड. चाक निघालं, आसाखाली लाकडी ठोकळा गेला, जॅक मोकळा झाला. त्याचं खरं काम आता.

[जॅक टायरवर, जवळून]

व्हॉल्व्हपिन काढून उरलीसुरली हवा सोडली. पण टायरची कड गंजानं डिस्कला, म्हणजे चाकाच्या लोखंडी भागाला, धरून बसलीय, घणानं हलत नाही. म्हणून चाक ट्रॉलीखाली आडवं सरकवलं. जॅकचा पाय टायरवर, डिस्कच्या अगदी काठाशी, डोकं चासीला. दांडा मारला की उसाचं वजन त्या चार बोटं जागेवर उतरतं. कट्ट! कड सुटली. पाव फेरा फिरवून पुन्हा. जॅक डिस्कवर टेकला तर कड जागची हलत नाही, डिस्क वाकते.

टॉमी लावली, आणि दुसऱ्या बाजूला माणूस टायरवर उभा राहिला. तो उगाच उभा नाही. डिस्कच्या मध्यभागी खोलगट पट्टा असतो. समोरची कड त्यात उतरली तरच इकडे ढील मिळते. ती उतरवली नाही तर दोघं लोंबकळले तरी टायर निघत नाही, टॉमी मात्र ट्यूब चावते.

[ट्यूब गालाजवळ]

पाण्याची टाकी नाही, म्हणून गळती गालाला लावून शोधतात. भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच ठेवायची, व्हॉल्व्ह खुणेला. काटा कुठे असेल ते तिथंच कळतं. आतून हात फिरवायचा तो चिंधी घेऊन. बाभळीचा काटा चिंधीत अडकतो, बोटात नाही. कानस मारली, सोल्युशन लावलं, आणि थांबले. बोटाला चिकटायचं बंद झाल्यावरच पॅच. घाई केली की पॅचखाली फुगा धरतो.

बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा, गोल राहण्यापुरती. शेवटची कड व्हॉल्व्हपाशी चढवायची. व्हॉल्व्हचा जाड बुडखा खोलगट पट्ट्यात असतो, तिथं कड उतरायला जागा नसते.

[नळी, दोन चाकं]

आता हवा. शेजारी रिकामी ट्रॉली उभी आहे. नळी आधी आपल्या बसलेल्या चाकाला, मग रिकाम्या ट्रॉलीच्या हवा भरलेल्या चाकाला. उलट केलं तर हवा रानात जाते. समजा हवा भरलेल्या चाकात दाब ७० पाउंड. दोन्ही सारखी झाली की ३५वर थांबतात. दुसरं ७०चं चाक जोडलं, ५२. तिसरं, ६१. प्रत्यक्षात दोन-चार पाउंड कमीच, कारण चेपलेली ट्यूब आधी स्वतःची पोकळी भरते. चौथ्यानं जेमतेम चार वाढतील, म्हणून इथंच थांबायचं. भरलेल्या ट्रॉलीच्या चाकांना हात लावायचा नाही.

एक गोष्ट इथं राहून जाते. एकदा भरून, सगळी सोडून, पुन्हा भरली की ट्यूबच्या घड्या निघतात. उसनी हवा सोडायला कुणाचं मन होत नाही, आणि घडी पडली तिथं ट्यूब पुढे चिरते. कडेला सुटी लोखंडी रिंग असलेल्या ट्रकच्या डिस्कला तर हे असं उघड्यावर करूच नये. रिंग उडाली की माणूस जातो.

पण थांबलं तर ऊस वाळतो, वजन घटतं, आणि मजुरी टनावर.

[ट्रॉली निघते]

कडेलगतची बारीक रेघ डिस्कभोवती सगळीकडे सारखी दिसतेय, म्हणजे टायर सरळ बसलाय. नट आलटून-पालटून, समोरासमोर आवळले. कॉम्प्रेसरपर्यंत ट्रॅक्टर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच.

[मागे रिकामी ट्रॉली]

तिची तीन चाकं आता ३५, ५२ आणि ६१वर. संध्याकाळच्या आत तीही भरायची आहेत.