दुखत नसतानाही एक्स-रे काढा

कृत्रिम खुब्याच्या या एक्स-रेवर दोन वर्तुळं दिसतात. बाहेरचं वर्तुळ म्हणजे कमरेच्या हाडात बसवलेली धातूची वाटी. आतलं, पांढरंशुभ्र, मांडीच्या बाजूच्या गोळ्याचं. गोळा वाटीच्या मधोमध दिसायला हवा. इथं तो वर सरकलाय. दोघांमधली काळी जागा रिकामी नाही. तिथं पॉलिइथिलीन या प्लास्टिकचं अस्तर आहे, डॉक्टर त्याला लायनर म्हणतात. ते एक्स-रेत उमटत नाही. वरच्या बाजूनं ते झिजलंय, म्हणून गोळा वर गेलाय.

ज्यांचा हा खुबा, त्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या काकी रोज देवळापर्यंत चालत जातात. त्यांना काहीही दुखत नाही. आणि काळजीची गोष्ट नेमकी हीच आहे.

कृत्रिम सांधा कॅलेंडरनं झिजत नाही, चपलेसारखा पावलांनी झिजतो. म्हणून पस्तिशीत खुबा बदललेल्या तरुणाचं अस्तर सत्तरीतल्या आजोबांपेक्षा लवकर झिजू शकतं. वाटी जरा तिरकी बसली असेल, तर सगळा भार एका कडेवर येतो आणि झीज वाढते.

अस्तर कशाचं असावं, हे कळायला किंमत मोजावी लागली. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण चालू लागले, पण थोड्याच वर्षांत टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या कणांभोवती शरीरानं सूज धरली. मग १९६२ साली त्यांनी पॉलिइथिलीन घेतलं. कोणत्या पदार्थाला शरीर कसं वागवतं, हे पाहायला चार्नलींनी दोन्हींचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले होते. अशा माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पण पॉलिइथिलीनही झिजतं. त्याचे कण इतके बारीक असतात, की शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात. पचवता मात्र येत नाहीत. मग त्या पेशी रासायनिक इशारे सोडत राहतात आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. सांध्याभोवतीचं हाड आतून पोकळ होत जातं. वाटी हलेपर्यंत किंवा हाड मोडेपर्यंत पुष्कळांना काहीच जाणवत नाही. वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी झीज असेल, तर असं पोकळ होणं क्वचितच दिसतं.

१९९०च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सारानं घट्ट केलेलं पॉलिइथिलीन आलं आणि झीज खूप कमी झाली. सिरॅमिक आणखी कमी झिजतं, क्वचित तडकतं, कधी करकरतं. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांनी मात्र अनेकांना त्रास दिला. डीप्यू कंपनीनं आपले 'एएसआर' सांधे ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत मागवले. भारतातही ते बसवले गेले होते. धातूवर धातूचा सांधा असलेल्यांना डॉक्टर रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासायला सांगतात.

गोव्यातल्या बायका विचारतात, चवथीला फुगडी घालू का? चालणं चांगलंच, ते थांबवू नका. पण उकिडवं बसून फुगडी, जमिनीवर बसून तासन्‌तास जाईच्या फुलांच्या माळा ओवणं किंवा वाकून काजू वेचणं, यात गोळ्याची मान अस्तराच्या कडेला टेकू शकते. कडा खराब होतात, गोळा निखळण्याचीही भीती असते. उंच खुर्चीवर बसून माळ ओवली, तर माळ तीच होते. आपल्याला किती वाकता येईल, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच विचारा.

जांघेत किंवा मांडीत नवं दुखणं, लंगडणं, एखादा नवा आवाज: यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. एरवी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं एक्स-रे काढा. झीज एका फिल्मवर नाही, जुनी-नवी शेजारी ठेवली की कळते. पावसाळ्यात फिल्मा दमटपणानं एकमेकींना चिकटतात, म्हणून त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

काकींची वाटी अजून घट्ट आहे. अशा वेळी फक्त अस्तर आणि गोळा बदलून भागू शकतं, सगळा सांधा काढावा लागत नाही. पण प्रत्येक कंपनीचं अस्तर तिच्याच वाटीत अडकतं. शस्त्रक्रियेच्या कागदांवर चिकटवलेला तो छोटा स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि माप छापलेलं असतं, तो हरवला, तर नीट बसलेली वाटीसुद्धा उखडण्याची वेळ येऊ शकते. काकींच्या मुलाला तो जुन्या फायलीत सापडला.