दम लागतो तेव्हाच छातीवर प्रोब

[दृश्य: पेडलवरचे पाय, पडद्यावर 50 वॉट]

ही श्रम चालू असतानाच केलेली फुफ्फुसाची सोनोग्राफी: छातीवर टेकवलेला प्रोब दाखवतो की धाप लागताना फुफ्फुसात पाणी साचतंय का. पेडलवर आता 50 वॉटचा भार आहे. या सायकलची पाठ मागे रेललेली आणि सगळी बैठक डाव्या कुशीवर कललेली. त्यामुळे पाय चालू असतानाच तपासणाऱ्याचा हात छातीपर्यंत पोचतो. सुरुवात 25 वॉटने झाली, आणि दर दोन मिनिटांनी 25 ची भर पडतेय. पेडलच्या फेऱ्या मिनिटाला साठच्या आसपास राहायला हव्यात. एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, छातीवर ईसीजीच्या तारा.

[दृश्य: टेबलावर उघडलेली फाइल]

तक्रार एकच: जिना चढताना धाप लागते, बसलं की थांबते. एक्स-रे स्वच्छ. ईसीजीत काही नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन (डाव्या कप्प्यातलं किती रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं ते) 60 टक्के, तेही ठीक. यातला एकही कागद चुकीचा नाही. पण प्रत्येक कागद निवांत असतानाचा आहे, आणि तक्रार निवांत असतानाची नाहीच. तरीही अशा फाइली ‘वय झालं, वजन कमी करा’ या शेऱ्यावर बंद होतात. घाई होते ती इथे.

[दृश्य: प्रोब छातीवर, जवळून]

प्रोब तोच, ज्याने आत्ता हृदय पाहिलं. वेगळं यंत्र आणावं लागत नाही. उरोस्थीवर वरच्या बाजूला बोटाला एक उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. तिथून खाली मोजत तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीमधली फट गाठायची. या फटीत दोन जागा पाहायच्या: एक गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून खाली येणारी रेषा आणि काखेची पुढची रेषा यांच्या दरम्यान, दुसरी तिथून काखेच्या मध्यरेषेपर्यंत. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. झाल्या चार जागा.

पूर्वी याच कामाला 28 जागा लागत. इटलीतल्या पीसाच्या हृदयतज्ज्ञांनी 2004 मध्ये ती पद्धत मांडली: उजवीकडे 16, डावीकडे 12. पलंगावर पडलेल्या रुग्णासाठी ठीक. पण इथे माणूस धापा टाकतोय, घामाने प्रोब सरकतोय आणि हृदयाची चित्रंही त्याच मिनिटात घ्यायचीत. म्हणून चार.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा, विश्रांतीतलं फुफ्फुस]

हे विश्रांतीतलं चित्र. दोन बाजूंना बरगड्यांच्या काळ्या सावल्या, मधे चमकणारी आडवी रेषा. ती फुफ्फुसावरणाची, बरगडीच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली. श्वासागणिक ती मागेपुढे घसरतेय. तिच्याखाली जे दिसतं ते फुफ्फुस नव्हेच. हवेवर आदळलेला ध्वनी जवळजवळ सगळा परत फिरतो, प्रोब आणि आवरण यांच्यात पुन्हा पुन्हा आपटतो, आणि यंत्र त्याच्या समान अंतरावर आडव्या प्रतिमा काढत जातं. या ए-लाइन. त्या आहेत म्हणजे खाली कोरडी हवा आहे.

[दृश्य: पडदा, 75 वॉट]

आता पाहा. आवरणाच्या रेषेतून टॉर्चच्या झोतासारखी एक उभी रेषा निघाली. तळापर्यंत गेली, वाटेत फिकी पडली नाही, आणि श्वासाबरोबर आवरण हललं तशी तीही हलली. जिथून ती जाते तिथल्या ए-लाइन पुसल्या जातात. ही बी-लाइन. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ दानिएल लिश्टेनश्टाइन यांनी 1997 मध्ये या झोतांचा संबंध फुफ्फुसाच्या भिंतींमध्ये साचलेल्या पाण्याशी जोडला. त्याआधी सोनोग्राफी करणारे यांना चित्रातला कचरा समजत.

दुसरी आली. तिसरी.

[दृश्य: हृदयाच्या झडपेचं चित्र, डॉप्लर]

मोजायचं कसं? सुट्या रेषा असतील तर थेट मोजायच्या. एकमेकींत मिसळल्या असतील तर फटीतला किती टक्के भाग पांढरा झालाय ते पाहून दहाने भागायचं. प्रत्येक जागेला 0 ते 10 गुण, चार जागांचे मिळून 40. विश्रांतीतल्या बेरजेपेक्षा श्रमातली बेरीज 2 किंवा जास्त गुणांनी वाढली, तर तपासणी सकारात्मक. म्हणून सायकल सुरू होण्याआधीची नोंद हवीच हवी; ती नसेल तर पुढच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मग हे पाणी येतं कुठून? हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावतो उत्तम, पण भरताना ताठ राहतो. बसल्या जागी त्याचं भागतं. श्रमात रक्त वेगाने परत येऊ लागलं की मागचा दाब चढतो. फुफ्फुसातला वेज दाब (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत मोजलेला हाच मागचा दाब) श्रमात 25 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत किंवा त्यापुढे गेला, तर विश्रांतीतला इको काहीही म्हणो, हृदय भरण्यात कमी पडतंय असं धरतात. दाब चढला की केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, लसिकावाहिन्यांना ते वेळेत ओढून नेता येत नाही, आणि भिंती भिजतात. दाब प्रत्यक्ष मोजायचा तर हृदयापर्यंत कॅथेटर न्यावं लागतं. बी-लाइन हा दाबाचा आकडा नव्हे, पण पाणी झिरपलं याचा पुरावा आहे.

[दृश्य: यंत्राची बटणं, जवळून]

आता ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त तपासण्या वाया जातात ती. सोनोग्राफीची यंत्रं चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून बरंच काही आपोआप चालू ठेवतात: हार्मोनिक इमेजिंग, कंपाउंड इमेजिंग, दाणे पुसणारे फिल्टर. त्यांचा उद्देशच असा की ध्वनीच्या खोट्या प्रतिमा नाहीशा व्हाव्यात. आणि इथे आपल्याला हवी ती नेमकी खोटी प्रतिमाच! हे सगळं बंद करायचं. फोकस आवरणाच्या रेषेवर आणायचा. खोली 15 सेंटिमीटरच्या आसपास, नाहीतर रेषा तळाला पोचली की वाटेतच विरली ते कळत नाही. विरणारी असेल तर ती मोजायची नाही. क्लिप एका पूर्ण श्वासाची. स्थिर चित्रावर मोजणी करू नये.

प्रोब आवरणाला काटकोनात हवा. थोडा तिरका झाला की रेषा गायब, आणि धापेत छाती इतकी उचलते की तो तिरका होतोच. हात छातीवर टेकवून प्रोबला आधार द्यायचा. जेल भरपूर, पण त्याआधी घाम पुसून.

[दृश्य: सायकल थांबते]

थांबताक्षणी आधी हृदय. हृदयाच्या भिंतींच्या हालचालीतले बदल मिनिटा-दीड मिनिटात मावळू शकतात. बी-लाइन काही मिनिटं टिकतात, त्यामुळे फुफ्फुसाची पाळी नंतर आली तरी चालतं. ट्रेडमिलवरून उतरून आडव्या झालेल्या माणसातही त्या सापडतात त्या यामुळेच.

प्रत्येक उभी रेषा पाणी नव्हे. फुफ्फुसात व्रण असतील तर बी-लाइन आधीपासूनच दिसतात, आवरण खडबडीत असतं आणि श्रमाने रेषा फारशा वाढत नाहीत. तळाच्या भागात एखाददुसरी निरोगी माणसातही असते. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन संपवलेल्या खेळाडूंमध्येही या रेषा नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा कोणाला, किती श्रमानंतर, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष नको.

[दृश्य: फुंकण्याची नळी]

आणि ए-लाइन शेवटपर्यंत जागच्या जागी राहिल्या, तरी दम लागलाच? मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायचा. श्रमानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 10 टक्के किंवा जास्त घटली, तर संशय श्वासनलिकांच्या आकसण्यावर. रक्ताल्पता, स्नायूंचा अशक्तपणा, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या हे पुढचे प्रश्न.

[दृश्य: अहवालाचा कागद]

इथे विश्रांतीत 0, 75 वॉटला 9. अहवालात जागांगणिक गुण, वॉट आणि थांबण्याचं कारण लिहायचं; नुसतं ‘बी-लाइन आढळल्या’ पुरत नाही. उपचार आता आहेत: एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा उपयोग 2021 आणि 2022 च्या मोठ्या चाचण्यांत दिसला, जोडीला पाणी उतरवणारी औषधं, रक्तदाब, वजन. पुन्हा तपासणी करताना तोच प्रोब, त्याच चार जागा, तीच सेटिंग आणि तितकेच वॉट.